एका वाटेची दोन नावं

नांदुऱ्याच्या त्या ऑफिसात मी दोन वर्षं रेघा जोडल्या. काय काम करतेस असं कुणी विचारलं की मी "मॅपिंग" म्हणायचे आणि विचारणाऱ्याला तेवढं पुरायचं. आईला पुरलं नाही. तिला नीट समजून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "नकाशावर ज्या रेघा तुटल्यात त्या जोडते." आई शिक्षिका. तिनं पुढचा प्रश्न टाकला, "बरं. आणि उरलेला दिवस?"

ऑफिस धान्याच्या अडतीच्या वर होतं. खाली तुरीची पोती आपटली की धूळ लोखंडी जिन्यावरून वर यायची आणि दुपारपर्यंत कीबोर्डवर पिवळसर थर बसायचा. मालगाडी गेली की टेबलं थरथरायची. मग मी माऊसवरचा हात उचलून गाडी जाईपर्यंत थांबायचे, कारण तेवढ्या थरथरण्यात एखादं टोक भलतीकडे चिकटायचं. आता मी पुण्यात आठव्या मजल्यावर बसते आणि कुठल्यातरी लांबच्या देशातल्या पाण्याच्या पाइपांच्या रेघा जोडते. इथे काहीच थरथरत नाही. काम भराभर होतं, आणि तरी मधूनच माझा हात उगाच उचलला जातो.

त्या ऑफिसात आम्ही तिघंच होतो. ज्यांचं ऑफिस होतं ते सर, मी आणि काका. काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. जुने नकाशे वाचायला सरांनी त्यांना ठेवलं होतं. कॉम्प्युटरला ते हात लावत नसत. माझ्या मागे खुर्ची टाकून बसायचे आणि काही सांगायचं असलं की थेट स्क्रीनवर बोट टेकवायचे. संध्याकाळी स्क्रीन पुसताना त्यांची बोटं कुठल्या कुठल्या गावात फिरली ते दिसायचं.

आमच्याकडे गावांचे जुने नकाशे स्कॅन होऊन यायचे आणि त्यांवरून शेतरस्त्यांचा नवा नकाशा करायचा होता. जुन्या नकाशावर गाडीवाट तुटक रेघेनं काढलेली असते. माणसाला ती रेघ बघून एक अख्खी वाट दिसते, कॉम्प्युटरला शेदोनशे सुटे तुकडे दिसतात. ते जोडून त्यांची एक रेघ करायची. नुसतं जवळ आणून भागत नाही. दोन टोकं चिकटलेली दिसतात आणि मोठं करून पाहिलं की मध्ये केसाएवढी फट निघते, आणि फट राहिली की कॉम्प्युटरच्या लेखी वाट तिथेच संपली. म्हणून त्याला आधी सांगून ठेवायचं, की एवढ्या अंतराच्या आत दुसरं टोक दिसलं तर ओढून घे. अंतर कमी दिलं तर फटी राहतात. जास्त दिलं तर वाट शेजारच्या भलत्याच रेघेला जाऊन चिकटते आणि कुणाची तरी बैलगाडी नाल्यात उतरते.

जे टोक कशालाच जोडलेलं नाही त्याच्यावर लाल ठिपका येतो. मी पहिला नकाशा तपासायला टाकला तेव्हा स्क्रीनभर ठिपके उठले. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अवं, तुह्या नकाशाले तं गोवर निंघाला!" तेव्हापासून रोज घरी जाताना ते जिन्यावरून विचारायचे, "उतरला का वं गोवर?"

मी हसायचे, पण आवाज न करता. त्यांच्या भाषेत उत्तर देणं मला जमत नव्हतं. माझी शाळा इंग्रजी. बाबा कारकून, आई शिक्षिका, दोघंही आमच्याशी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचे. वऱ्हाडी कानावर सगळीकडून पडायची, आईबाबांच्या भांडणातसुद्धा, पण ती आमच्यासाठी नव्हती. मला वाटायचं, बोलता येत नसली तरी कळते सगळी.

मग एका नकाशाच्या कडेला काकांनी पेन्सिलीनं लिहिलेलं वाचलं, "वाट धुऱ्यानं". मी ते "धुरानं" असं वाचलं. तिथे वीटभट्टी असणार असं मनाशी ठरवून शेऱ्याच्या रकान्यात "वीटभट्टी" टाकलं आणि सहज विचारलं, "काका, इथली भट्टी कुणाची होती?"

"कोनती भट्टी?"

"तुम्हीच लिहिलंय ना. धुरानं."

काकांनी कागद जवळ नेला, लांब नेला आणि टेबलावर थाप मारून हसायला लागले. "सायेब, इकडं या! या पोट्टीनं धुऱ्याले धूर लावला!" सरही हसले. हसू ओसरल्यावर काकांनी मला समजावलं, "धुरा म्हंजे बांध वं. दोन वावरांच्या मधातला. त्याच्यावरून वाट गेली, म्हनून धुऱ्यानं." त्यांच्या हसण्यात कुचकेपणा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. मीही हसले, वीटभट्टी पुसली, आणि त्या दिवसापासून काकांना काही विचारायचं बंद केलं. अडलं की फोनवर शोधायचं. नाही सापडलं तर नियमानं जायचं.

नियम सरांनी घालून दिला होता. ठरलेल्या लांबीपेक्षा छोटा तुकडा असेल, एका टोकाला लाल ठिपका असेल आणि तो कुठेच पोहोचत नसेल, तर तो स्कॅनमधला मळ समजायचा आणि काढून टाकायचा. बहुतेक वेळा ते खरंही असायचं. कागदाची घडी निघायची, नाहीतर शाईचा ओघळ. एकदा चहाच्या कपाचा गोल डाग निघाला. त्यालाही माझ्या कॉम्प्युटरनं रस्ता मानलं होतं.

धामणगाव बढ्याच्या बाजूची दोन गावं होती, एक जरा उंचावर, दुसरं त्याच्या खाली. प्रत्येक गावाचा नकाशा वेगळा असतो आणि शिवेपाशी तो थांबतो. दोन नकाशे शेजारी ठेवले की शिवेवर ते कधीच नीट जुळत नाहीत. या दोघांच्या शिवेवर दोन छोटे तुकडे उरले होते. वरच्या गावाच्या नकाशात एक वाट शिवेपर्यंत येऊन संपली होती, तिच्यावर लिहिलं होतं "बाजारवाट". खालच्या गावाच्या नकाशातही एक वाट शिवेपर्यंत येऊन संपली होती, तिचं नाव होतं "देवीची वाट". दोन टोकांमध्ये चाळीसेक पावलांचं अंतर होतं. नावं दोन, म्हणजे वाटा दोन, आणि दोन्ही कुठेच न पोहोचणाऱ्या. काका मागे बसून बशीतला चहा पीत होते. एक वाक्य पुरलं असतं. मी दोन्ही तुकडे निवडले आणि काढून टाकले.

संध्याकाळी काकांनी जिन्यावरून विचारलं. मी मान हलवून हो म्हटलं. त्या दिवशी गोवर उतरला होता.

कच्चा नकाशा छापून गावोगावी पंचायतीच्या भिंतीवर लावला गेला. लोकांनी तो बघून चुका सांगायच्या आणि पुढच्या शुक्रवारी पक्का नकाशा आमच्याकडून जायचा. वरच्या गावाला सरांनी काकांना आणि मला पाठवलं. नांदुऱ्याहून मोताळा, तिथून दुसरी बस. फेब्रुवारी संपत आला होता. कापूस निघून गेलेल्या शेतांत पऱ्हाट्या तेवढ्या उभ्या होत्या. बसमध्ये काका प्रत्येक गाव आलं की त्याच्या मोजणीचा एकेक किस्सा सांगत होते आणि मी खिडकीबाहेर बघत हं हं करत होते.

पंचायतीच्या खोलीत पुरुष भिंतीला नाक लावून आपापल्या शेताचा गट शोधत होते. "हा माहा." "तुहा नाई बे तो, तुहा नाल्याच्या पलीकडं." माझं काम वहीत लिहून घेण्याचं होतं. गर्दी कमी झाल्यावर एक बाई पुढे आली. चाळिशीची असेल, डोक्यावर पदर, हातात विळा तसाच. तिनं नकाशाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"ताई, माही वाट कुठी हाये?"

तिनं शेत सांगितलं. शिवेला लागून तीन एकर. काकांनी तिचा गट शोधून त्यावर बोट ठेवलं. चारी बाजूंनी दुसऱ्यांची शेतं, आणि तिथपर्यंत जाणारी एकही रेघ नाही.

खिडकीपाशी एक माणूस मोटरसायकलची किल्ली बोटावर फिरवत उभा होता. तिचा शेजारी. "म्या सांगलंच होतं वहिनी. नकाशात वाटच नाई."

"मंग भाऊजी, मी काय वावरात उडून जाऊ?"

"हेलिकाप्टर घ्या ना."

दोघंतिघं हसले. तीही हसली, पण विळ्याची मूठ तिनं दुसऱ्या हातात घेतली. "आजवर गेलोच ना आम्ही तिच्यानं?"

"गेले असान. मी काई म्हनत नाई. नकाशाच म्हनते."

ती माझ्याकडे वळली आणि आवाज खाली आणून बोलली, "पुढल्या महिन्यात नांगरनी हाये. हा नकाशा पक्का झाला तं भाऊजी वाट नांगरून टाकतीन. मंग बी-भरन कुठून नेऊ मी, आन पीक कुठून आनू?"

काका नकाशावर वाकले होते. "अठी वाट पाह्यजे होती," ते स्वतःशीच म्हणाले. "जुन्या कागदावर म्या पाह्यलेली हाये. कोनं काढली?"

मला ते दोन तुकडे लगेच आठवले. मी वहीत तिचा गट नंबर लिहिला, त्याखाली रेघ ओढली, आणि त्या रेघेवरून पुन्हा एकदा पेन फिरवला. काकाच म्हणाले, "चाल बाई, दाखव आम्हाले तुही वाट."

ती पुढे, मी मध्ये, काका मागे असे आम्ही निघालो. गावाबाहेर वाट रुंद होती आणि चाकोऱ्या खोल होत्या. ती चालता चालता सांगत होती. हा नाला, यात दगड तिच्या सासऱ्यानं टाकलेले. हे बोरीचं झाड, इथं पदर अडकतो. मी जपून पावलं टाकत होते आणि तरी दोनदा अडखळले. मग वाट एका उंच बांधापाशी आली. बांधावर शिवेचा दगड होता आणि समोर शेजाऱ्याचं शेत आडवं पसरलं होतं. माझी बाजारवाट इथेच संपली होती, नेमकी इथेच.

पण ती थांबली नाही. बांध तिथे शेजाऱ्याच्या शेताला वळसा घालून जात होता; त्याला लागून ती डावीकडे वळली आणि तशीच चालत राहिली. मीही मागोमाग गेले, मनात पावलं मोजत. चाळीसच्या आसपास आल्यावर बांधाला एक खिंड होती आणि तिला लागूनच तिचं शेत. तिथून वाट पलीकडे उतरत होती, खालच्या गावाकडे.

"धुऱ्याधुऱ्यानं येते ना," ती म्हणाली. "इथून मंग खाली."

काकांनी कपाळावर हात मारला. नकाशे न जुळल्यामुळे पडलेलं ते अंतर नव्हतंच. वाट चाळीस पावलं शिवेच्याच बांधावरून जात होती. दोन्ही गावांच्या मोजणीदारांनी तिथे शिवेची जाड रेघ आधीच काढलेली होती, तिच्यावर दुसरी रेघ काढणार कोण? वाट शिवेच्या खाली दबून राहिली. मी तेव्हा शहाणपणानं ती दोन टोकं सरळ ओढून जोडली असती, तरी चूकच झाली असती. वाट शेजाऱ्याच्या शेताच्या मधोमध तिरपी गेली असती.

ती खिंडीत बसली. मला म्हणाली, "ताई, कोनं काढली असन वं? म्या तं कोनाचं काई वाईट केलं नाई."

काका पलीकडे उतरून खालची बाजू बघत होते. त्यांना ऐकू गेलं नसतं. मी म्हटलं, "मी काढली."

तिला कळलं नाही. "काय?"

"ती वाट नकाशातून मी काढली. मला वाटलं, कुठेच जात नाही."

तिनं मला नीट पाहून घेतलं, माझ्या चपलांपासून वरपर्यंत. रागावेल असं वाटलं होतं. "तू?" ती म्हणाली. "अवं माय, तुले तं धड वावरात चालता येत नाई!" मग पदरानं तोंड पुसून अगदी साधेपणानं म्हणाली, "मंग तूच टाक आता."

परत निघताना मी तिला विचारलं, की या वाटेला ती काय म्हणते, बाजारवाट की देवीची वाट? तिला प्रश्नाचं नवल वाटलं. "माहं माहेर खालचं गाव," तिनं हातानं खाली दाखवलं. "तवा आम्ही पोट्ट्या देवीच्या जत्रेले वर येओ, तं देवीची वाट म्हनो. इकडं दिली मले. मंग धामनगावच्या बाजाराले जायाले हेच वाट, तं बाजारवाट झाली." थोडं चालून म्हणाली, "वाट तेच हाये. मी फिरली."

शेजारी पंचायतीबाहेरच होता. काकांनी त्याला मातीत काटकीनं काढून दाखवलं, की वाट बांधावरून जाते, शेतातून नाही. "धुऱ्यानं असन तं माहं काई म्हननं नाई," तो म्हणाला. "मधातून नेसान तं पाहा. आन मी तोंडाचं नाई मानत. पक्क्या नकाशात दिसली पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. सर शुक्रवारचं सगळं बांधून बसले होते, लाल ठिपका एकही नाही म्हणून खुशीत. मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. ते मान वर करेपर्यंत मालगाडी येऊन गेली. मग मी सांगितलं.

"नियमानंच काढलास ना?" सर म्हणाले. "मग नियमाची चूक. तेवढा तुकडा टाक आणि सोडून दे."

तिथे थांबले असते तर प्रकरण मिटलं होतं. पण शिवा आणखी बऱ्याच होत्या आणि प्रत्येक शिवेवर मी तसंच केलं होतं. मी म्हटलं, "नियम तुमचा होता सर. पण काका माझ्या मागे बसलेले होते आणि मी त्यांना विचारलं नाही. शिवेवर काढलेले सगळे तुकडे परत बघावे लागतील. दोन दिवस लागतील."

सर वैतागले, आणि ते स्वाभाविक होतं. नकाशा त्यांच्या नावानं जाणार होता. त्यांनी नकाशा जिथे जायचा होता त्या ऑफिसला फोन करून सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली आणि फोन जरा जोरातच ठेवला.

मी जागेवर येऊन बसल्यावर काकांनी हळूच विचारलं, "म्या हासलो म्हनून?"

"नाही, तसं नाही," मी म्हटलं. ते खोटं होतं आणि त्यांना कळलं. त्यांनी खुर्ची उचलली आणि माझ्या मागून काढून शेजारी आणून ठेवली. शनिवारपर्यंत आम्ही शिवेवरचा एकेक तुकडा बघितला. मी विचारायचे, "काका, हे काय?" आणि ते सांगायचे. बहुतेक मळच निघाला. आणखी दोन वाटा निघाल्या.

त्या बाईची वाट मी सगळ्यांत आधी जोडली. शिवेच्या रेघेचा एकेक बिंदू धरून चाळीस पावलं बांधावरून नेली, म्हणजे वाट आणि बांध यांत कुठेही फट नको, की कुणाच्या शेतात शिरायला नको. मग दिसलं, की दोन तुकड्यांच्या दिशा उलट्या आहेत. जो तो आपल्या गावातून निघून शिवेकडे आलेला. एकाची दिशा फिरवली. शेवटी दोन्ही एक करायला गेले, तर नेहमीची चौकट उघडली. दोन रेघांपैकी कुठल्या रेघेचं नाव ठेवायचं?

हे मी आधी शेकडो वेळा केलं होतं, न बघता, वरचं जे असेल ते. त्या दिवशी मी दोन्ही खोडली आणि स्वतः टाइप केलं, "बाजारवाट (देवीची वाट)".

सर मागे येऊन उभे होते. "एका रस्त्याला एकच नाव असतं."

"मग कुठलं ठेवू, सर?"

सरांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "सायेब, त्या बाईनं दोन्ही नावानं तुडवली हाये." सर स्क्रीनकडे वाकले. "असू दे," म्हणाले, "रकान्यात मावतंय ना?"

मावत होतं. सोमवारी नकाशा गेला.

मार्च संपता संपता ऑफिसच्या फोनवर तिचा फोन आला. गावातल्या कुणाच्या तरी मोबाइलवरून बोलत होती, मागे ट्रॅक्टरचा आवाज. काकांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला.

"ताई, नांगरनी झाली वं. भाऊजीचा ट्रॅक्टर धुऱ्यापासून वळला. वाट ठेवली त्यानं."

मी म्हटलं, बरं झालं.

"पन दोन नावं कायले लिहिली? पंचायतीत लोक हासून राह्यले. म्हनतेत, हिच्या वाटेले माहेरचं नाव हाये आन सासरचंबी."

"तुम्हीच सांगितलं होतं ना."

"हाव," ती म्हणाली. "मंग असू दे. ठेवतो आता, वावरात जाऊन राह्यली."